घर आणि व्यवहार : परदेशी मालाची खरी किंमत

बैल आणावयास बाजारी निघालेला शेतकरी केवळ बैलाच्या किमतीइतके पैसे कमरेस बांधून निघत नसे. बाजाराची पावती, दलाली, वाटखर्च आणि बैलाचा चारा हे सारे तो घरी बसूनच हिशेबात धरीत असे. आज बाजार आपल्या माजघरात आला आहे. मोबाइलच्या काचेवर अमेरिकेतील वा चीनमधील दुकान उघडते, वस्तूचे चित्र दिसते, चित्राखाली किंमत दिसते आणि एका बोटाच्या स्पर्शाने खरेदी होते. परंतु त्या दुकानातून आपल्या उंबरठ्यापर्यंत येणाऱ्या वाटेवर सरकारचा नाका पूर्वीइतकाच उभा आहे. तो चित्रात दिसत नाही, म्हणून तरुण मंडळी त्यास हिशेबात धरीत नाहीत. या आठवड्यात त्या नाक्याविषयी थोडे विवेचन करावयाचे योजिले आहे.

उदाहरणासाठी सुरतेस जाऊ या. त्या शहराचा लिंबायत हा भाग मराठी माणसांनी गजबजलेला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे तापी खोऱ्यातील रेल्वेने उधन्यास उतरली आणि यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई व साड्यांवरील भरतकाम यांवर पोट भरू लागली. महिन्याच्या मिळकतीतून घरभाडे द्यावयाचे, मुलांच्या शाळेचा खर्च भागवावयाचा आणि उरेल ते गावी आईवडिलांस धाडावयाचे, असा त्यांचा संसार. अशा वस्तीतील चार तरुणांनी मिळून एखादे मैदान भाड्याने घेऊन सुटीच्या दिवशी पेंटबॉलचा खेळ चालवावयाचे ठरविले आणि त्याची साधने परदेशातून मागविली, असे आपण समजू.

हा खेळ पुष्कळांस नवा वाटेल. झाडांवर व गुरांवर खुणा करण्यासाठी अमेरिकेत एक रंग उडविणारी बंदूक निघाली होती. १९८१ साली न्यू हॅम्पशायर प्रांतात १२ जणांनी त्याच बंदुका घेऊन रानात एकमेकांस हुडकण्याचा डाव मांडला आणि त्यातून हा खेळ जन्मास आला. दाबलेल्या हवेच्या जोराने जिलेटिनची रंगभरली गोळी सुटते, अंगावर फुटते आणि ज्याच्या अंगास रंग लागला तो बाद होतो. बंदूक, हवेचा नळा, गोळ्या आणि डोळ्यांच्या रक्षणाचा मुखवटा एवढा सरंजाम त्यास लागतो. मुखवट्यावाचून हा खेळ खेळणे म्हणजे डोळा गमावण्यास आमंत्रण देणेच होय.

आता नाक्यावरील पहिला प्रश्न कराचा नसून परवानगीचा असतो. ही वस्तू देशात आणता येते काय? सीमाशुल्काच्या दरपत्रकात हवेच्या वा वायूच्या दाबाने चालणाऱ्या बंदुका ९३ व्या प्रकरणात, म्हणजे शस्त्रास्त्रांच्या प्रकरणात घातल्या आहेत. २०१६ च्या शस्त्रनियमांतही हवाई बंदुकांचा विचार असून नळीचा व्यास व गोळीची शक्ती यांवरून तेथे भेद केला जातो. विकणाऱ्याच्या दृष्टीने जे खेळणे, ते अधिकाऱ्याच्या दृष्टीने शस्त्र ठरू शकते आणि मग कर भरावयाची तयारी असूनही माल अडकून पडतो. शिवाय हवेने भरलेला नळा टपालाने पाठविता येत नाही आणि जिलेटिनच्या गोळ्या दमट हवेत फुगतात, हे सुरतेच्या पावसाळ्यात विशेष ध्यानी ठेवावयास हवे. तेव्हा बंदुकीसंबंधी आधी लेखी विचारणा करावी. उत्तर हाती आल्याखेरीज पैसे धाडू नयेत.

दुसरा प्रश्न असा की, वस्तू स्वतःच्या वापरासाठी आहे की व्यापारासाठी? स्वतःसाठी एखादी वस्तू मागविणारास आयातदाराचा क्रमांक काढावा लागत नाही. परंतु भाड्याने देण्यासाठी दहा मुखवटे मागविणे हा व्यापार झाला, आणि व्यापारास तो क्रमांक लागतो. विदेश व्यापार महासंचालनालय तो देते व त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. त्या खात्याची कचेरी सुरतेतही आहे. जुने, वापरलेले सामान स्वस्त मिळते म्हणून मागविण्याचा मोह होतो. पण जुन्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत. “भेट म्हणून पाठवा, म्हणजे कर लागणार नाही,” हा सल्ला तर अजून सर्वत्र ऐकू येतो. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती वाट बंद केली. जीवरक्षक औषधे व राखी एवढे वगळता टपालाने वा कुरिअरने येणारी वस्तू भेट म्हणून करमुक्त सोडवून घेता येत नाही. पूर्ण कर भरून मात्र भेट स्वीकारता येते.

तिसरा प्रश्न कराचा. येथे पुष्कळांचा हिशेब चुकतो, कारण कर केवळ वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वाहतूक व विमा यांचा खर्च मिळवून जी रक्कम होईल तिजवर तो बसतो. समजा, मुखवट्यांची किंमत १०,००० रुपये आणि वाहतूक-विमा २,००० रुपये. म्हणजे करासाठी मूल्य १२,००० झाले. दर वस्तूगणिक भिन्न असतात. येथे केवळ गणितापुरता मूळ सीमाशुल्काचा दर शेकडा २० धरू. ते झाले २,४०० रुपये. त्या शुल्कावर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे २४० रुपये. आतापर्यंतची बेरीज १४,६४०. या संपूर्ण रकमेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. तो शेकडा १८ धरला तर सुमारे २,६३५ रुपये होतात. एकूण १७,२७५. चित्राखाली १०,००० लिहिलेली वस्तू सव्वासतरा हजारांस पडली आणि कुरिअर कंपनीचे हाताळणीचे शुल्क याहून निराळे. करावर कर चढतो तो असा. लिंबायतच्या मागावर बारा बारा तास उभे राहणाऱ्या माणसास वरचे ७,००० रुपये म्हणजे गावी धाडावयाची रक्कमच होय.

जकात ही सुरतेस काही नवी नव्हे. मोगल अमदानीत तापीकाठच्या या बंदरात परदेशी गलबतांचा माल उतरे आणि बादशाही खजिन्यात जकातीचा ओघ जाई. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा औरंगजेबाने व्यापाऱ्यांस एका वर्षाची जकात माफ केली. पुढच्याच वर्षी मुसलमान व्यापाऱ्यांस शेकडा अडीच व हिंदूंस शेकडा पाच असा दर त्याने ठरविला. राज्ये गेली, परंतु दर बदलण्याची रीत राहिली. वर सांगितलेला एकात्मिक कर १ जुलै २०१७ पासून आला. समाजकल्याण अधिभार २०१८ मध्ये आला. आणि दर अर्थसंकल्पात काही ना काही फेरफार होतोच. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी किती भरले, यावर विसंबू नये. आजचा दर आजच विचारावा.

परदेशी दुकानदार कधी कधी आपण होऊन सांगतो की, पाकिटावर किंमत कमी लिहितो, तुमचा कर वाचेल. या गोड बोलण्यास भुलू नये. खोटी किंमत दाखविलेला माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये जप्त होऊ शकतो व दंडही होतो. आणि तो दंड दुकानदारास नव्हे, आपणास भरावा लागतो. शिवाय माल वाटेत हरवला तर भरपाईही लिहिलेल्या किमतीइतकीच मागता येते. उलट अधिकाऱ्याने कर अधिक आकारला असे वाटल्यास त्यावरही उपाय आहे. बीजक व पैसे भरल्याचा पुरावा दाखवून फेरविचार मागावा. तेवढ्याने न भागल्यास हुकूम मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत सीमाशुल्क आयुक्तांकडे अपील करता येते. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवावा.

शेवटी एक सावधगिरी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण हिच्यापायी अनेक भोळ्या घरांची पुंजी गेली आहे. अनोळखी व्यक्ती मोबाइलवर मैत्री जोडते, लंडनहून मौल्यवान भेट पाठविल्याचे सांगते आणि काही दिवसांनी “सीमाशुल्क अधिकारी” म्हणून कोणी विमानतळावरून बोलतो : पार्सल अडकले आहे, इतके भरा, नाही तर अटक होईल. सीमाशुल्क खाते कोणाच्या खाजगी बँक खात्यात पैसे भरावयास सांगत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक छापलेला असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. टपालाने आलेल्या पार्सलचा कर टपालखातेच पार्सल देताना घेते व पावती देते. जी वस्तू आपण मागविलीच नाही, तिचा कर भरण्याचे कारणच काय? पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम थोपविली जाण्याची आशा अधिक.

आईबापांनी मुलांच्या हौसेस नुसता नकार देऊ नये आणि न विचारता पैसेही देऊ नयेत. कागद-पेन्सिल घेऊन मुलास शेजारी बसवावे आणि चार ओळी लिहावयास लावाव्यात : वस्तू आणण्यास परवानगी आहे काय, वापर घरचा की धंद्याचा, वाहतुकीसह मूल्य किती आणि त्यावर कर किती. चौथ्या ओळीखालची बेरीज पाहून वस्तू घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी. पुष्कळदा तीच वस्तू मुंबईच्या वा सुरतेच्या बाजारात, पावतीसह आणि कमी किमतीत मिळते, असेही त्या बेरजेवरून कळून येईल.