काटा लाल रेषेकडे सरकतो तेव्हा

मे महिना म्हणजे कोकणात लग्नांचा हंगाम. मुंब्रा, कुर्ल्याहून गाड्या भरभरून गावाकडे निघतात. आखातातून सुट्टीवर आलेली मंडळी वर्षभर अंगणात झाकून ठेवलेली गाडी धुऊन बाहेर काढतात. मग कुंभार्ली घाटात किंवा आंबा घाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. आत बसलेली म्हातारी माणसे आणि मुले घामाने निथळत असतात आणि ड्रायव्हर म्हणतो, "पाणी मारतो, निघू या."

इंजिन तापण्याविषयी आम्हाला रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले. पती कुवेतला असतात. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात न्यावे लागते आणि गाडी त्या स्वतःच चालवतात. गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची. दोनदा काटा लाल रेषेपर्यंत गेला. गॅरेजवाल्याने सांगितले, हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल. खर्च इतका की बांगड्या मोडाव्या लागतील. आता काय करावे?

बांगड्या राहू द्या, असे आम्ही त्यांना कळवले आणि तीन प्रश्न विचारले. गाडी नेमकी केव्हा तापते? बाटलीतले पाणी कमी होते का? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? उत्तर आले ते असे: मोकळ्या रस्त्यावर वीस किलोमीटर गेले तरी काही नाही, बाजारपेठेच्या गर्दीत आणि दवाखान्याच्या दारात इंजिन चालू ठेवून थांबले की काटा चढतो. पाणी तेवढेच राहते, धूर नाही.

हे उत्तर बोलके आहे. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून जातो आणि पाणी थंड करतो. गाडी थांबली की वारा थांबतो. तेव्हा हे काम रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्याने करायचे असते. धावताना ठीक आणि उभी असताना तापते, म्हणजे पहिला संशय पंख्यावर. याची परीक्षा घरच्या अंगणात होते. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. मात्र पंख्यात बोट घालू नका. तो न सांगता सुरू होतो.

त्यांच्या गाडीचा पंखा हललाच नाही. मग क्रमाने फ्यूज, रिले, शेवटी मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट वीज दिली की ती जिवंत आहे की नाही ते कोणताही इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत दाखवतो. मोटर फिरली, खराब होता तो रिले, काहीशे रुपयांची वस्तू. गॅरेजवाला लबाडच होता असे आम्ही म्हणणार नाही. पण पंखा न पाहता इंजिन खोलायला निघणे हे, डोकेदुखी म्हणताच ऑपरेशन सांगण्यासारखेच झाले.

उलट प्रकारही असतो. गर्दीत ठीक, पण चढावर किंवा वेगात तापते, तेव्हा रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी चोंदलेला असतो, कूलंट कमी असते किंवा वॉटर पंप थकलेला असतो. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर गेला आणि रेडिएटरचा खालचा पाइप मात्र गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. हा झडपेसारखा भाग साधारण 82 ते 90 अंशांना उघडतो. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात, "आपल्याकडे उन्हात लागत नाही" म्हणून. लागतो. तो नसेल तर इंजिन हवे तेवढे गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. नवा बसवून घ्या.

हेड गॅस्केट खरोखर गेले असेल तर खुणा वेगळ्या असतात: कुठेही गळती नसताना पाणी आटत जाते, गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, बाटलीत बुडबुडे उठतात, कधी ऑइल दुधाळ दिसते. तेव्हा खर्च टळत नाही.

आणि हा खर्च बहुधा ओढवतो तो शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमुळेच. निकाहाची वेळ झाली, हॉल समोर दिसतोय, म्हणून लाल काट्यावर गाडी रेटतात. ॲल्युमिनियमचे हेड वाकते ते तेव्हा. काटा चढू लागताच एसी बंद करा, खिडक्या उघडा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा. इंजिनची उष्णता आत ओढली जाते. हीटरमधून गार हवाच आली तर पाणी संपले आहे असे समजा आणि लगेच थांबा. काटा लालपर्यंत गेला तरी थांबायचेच. काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. सेन्सरभोवती पाणीच उरले नसेल तर तो खोटे सांगतो. अलीकडच्या कित्येक गाड्यांत काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो लागला की इंजिन बंद.

बंद केल्यावर निदान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आत पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, तडा जातो. तोवर म्हाताऱ्यांना आणि मुलांना गाडीतून उतरवून, रस्त्यापासून दूर सावलीत बसवा.

पाणी भरायचे तर विहिरीचे किंवा बोअरचे केवळ अडचणीपुरते. एरवी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. उरलेले कूलंट सरबताच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवू नका. ते रंगाने आकर्षक आणि चवीला गोड असते, पण विषारी आहे. गळालेले अंगणात साचले तर मांजरेही चाटतात. मूळ डब्यातच, कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा, आणि कोणी प्यायलेच तर डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.