तळ्याला चिठ्ठी कोण लिहिते?

प्रतिजैविकांच्या गैरवापराचा विषय निघाला की आपण डॉक्टर मंडळी प्रथम स्वतःकडे, मग औषधविक्रेत्याकडे आणि शेवटी कोर्स अर्धवट सोडणाऱ्या रुग्णाकडे बोट दाखवितो. ते रास्तच आहे. परंतु ज्या तळ्यासाठी कोणीही चिठ्ठी लिहीत नाही आणि तरीही ज्यात औषध पडते, त्या तळ्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आम्हां हैदराबादकरांच्या बाजारातील रोहू, कटला आणि कोळंबीचा मोठा हिस्सा आंध्रच्या तळ्यांतून येतो. म्हणून आपल्या स्मरणिकेत हा विषय मांडणे मला अगत्याचे वाटते.

मत्स्यशेतीत प्रतिजैविक बहुधा खाद्यात कालवून दिले जाते. आजारी मासा प्रथम खाणेच सोडतो. त्यामुळे औषध जाते ते मुख्यतः निरोगी माशांच्या पोटात, आणि उरलेले खाद्य व विष्ठा यांच्यावाटे तळाच्या गाळात. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका, असे आपण रुग्णाला बजावतो, कारण कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमके हेच करतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन माशाच्या अंगी फारच थोडे लागते. गाळातील जिवाणूंना मात्र ते अल्प मात्रेत दीर्घकाळ मिळत राहते. प्रतिकारक्षम जिवाणूंची निवड होण्यास याहून सोयीची परिस्थिती कोणती?

हे जिवाणू तळ्यातच राहिले असते तर चिंता नव्हती. पण प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिडवर बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. क्विनोलोनना दाद न देणाऱ्या क्लेबसिएलामध्ये आढळणारे क्यूएनआर-ए हे जनुक मूळचे शेवानेला अल्गी या पाण्यातील जिवाणूचे असल्याचे २००५ मध्ये दाखविले गेले. ही वाट मत्स्यशेतीनेच पाडली असे मी म्हणत नाही. परंतु पाण्यापासून वॉर्डापर्यंत वाट आहे, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडील सारी दक्षता मात्र माशाच्या मांसावर केंद्रित झाली आहे. २०१६ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मत्स्यशेतीतील मालाच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातदारांत खळबळ उडाली. पण ही तपासणी शोधते ते मांसात उरलेले औषध. मासळी काढण्यापूर्वी पुरेसे दिवस औषध थांबविले की मांस निर्दोष ठरते. गाळातील प्रतिकारक्षम जिवाणू जिथल्या तिथेच राहतात. नीट शिजविलेली मासळी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पहिला धोका आहे तो गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळे ओढणाऱ्या आणि मासळी साफ करणाऱ्या माणसाला, आणि त्याचे नाव कोणत्याही निर्यात प्रमाणपत्रावर नसते.

यावर उपाय नाही काय? नॉर्वेचे उदाहरण पाहावे. १९८७ च्या सुमारास तेथे सुमारे पन्नास हजार टन सॅमन माशांसाठी जवळजवळ ५० टन प्रतिजैविके वापरली जात. पुढे फुरुनक्युलोसिसवर तेलयुक्त लस आली. पिल्लांना समुद्रात सोडण्यापूर्वी पोटात टोचणे, एका जागी एकाच वयाचे मासे ठेवणे, मधल्या काळात जागा रिकामी सोडणे, हे नियम झाले. आज उत्पादन पंधरा लाख टनांच्या घरात आहे आणि अलीकडच्या वर्षांत प्रतिजैविकांचा वापर एक टनाच्याही खाली आहे. उलट चिलीमध्ये पिसिरिकेट्सिया या पेशींच्या आत राहणाऱ्या जिवाणूवर लस पुरेशी परिणामकारक ठरली नाही. २०१४ मध्ये तेथे ५०० टनांहून अधिक प्रतिजैविके सॅमनला देण्यात आली. त्यांत मुख्य औषध फ्लोरफेनिकॉल. ते क्लोरॅम्फेनिकॉलचे भावंड असून, दोघांनाही निष्प्रभ करणारे एकच जनुक ज्ञात आहे.

आपली परिस्थिती याहून बिकट आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्यही आहे. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, म्हणून लशीचा मार्ग तिच्यापुरता जवळजवळ बंद आहे. एका रात्रीत तळे मेले तर शेतकरी कर्जात बुडतो. पण १९९० च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर हाहाकार माजविणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. त्यावर प्रतिजैविक देणे म्हणजे साध्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिन देणे होय. तेथे उपयोगी पडते ते रोगमुक्त बीज, दोन पिकांच्या मध्ये तळे वाळविणे आणि पाण्याची निगा.

कायदे नाहीत असेही नाही. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मत्स्यशेतीत मज्जाव आहे. २०१९ मध्ये कोलिस्टिन हे आपले अखेरचे अस्त्र कोंबड्या, गुरे आणि मासे यांच्यासाठी निषिद्ध झाले. उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि निदानाची. तळ्याच्या काठावर सल्ला देतो तो बहुधा खाद्य व औषधे विकणाराच. म्हणजे निदान करणारा आणि माल खपविणारा एकच.

यात आपण काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी. जखम चिघळलेल्या रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा आणि पाण्याशी संबंध असल्यास पू संवर्धनासाठी पाठविल्यावाचून औषध सुरू करू नये. एरोमोनास आणि व्हिब्रिओ यांची आठवण ठेवावी. आपल्या संस्थेने पशुवैद्यक आणि मत्स्यतज्ज्ञ यांना वर्षातून एकदा तरी आपल्या व्यासपीठावर बोलवावे. आणि तळ्यातील गाळ व पाणी यांतील जिवाणूंच्या प्रतिकारक्षमतेची पाहणी जिल्हावार प्रसिद्ध व्हावी, अशी मागणी वैद्यकीय संस्थांनी एकमुखाने करावी. नवी प्रतिजैविके फार हळू येत आहेत. जी हाती आहेत ती रुग्णासाठी राखावयाची असतील, तर तळ्यालाही चिठ्ठी लागली पाहिजे, आणि ती विक्रेत्याने नव्हे, जाणकाराने लिहिली पाहिजे.