टी.सी. जळण्याआधी

ऊस तहानलेला असताना टी.सी. जळतो आणि निपाणी-चिकोडी भागात सगळे हेस्कॉमच्या नावाने बोटे मोडतात. कंपनीने वेळेवर देखभाल करावी, हे खरेच. पण निम्मे काम आपल्याच हाती आहे, असे आम्हांला वाटते.

हिशेब पाहा. 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करणारा 63 केव्हीएचा टी.सी. सुमारे 84 अँपिअर देतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर सात-आठ अँपिअर घेते. म्हणजे अकरा मोटारींत तो भरला. कर्नाटकात दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. म्हणून कागदावर पाच आणि विहिरीवर साडेसात, असे चालते. त्यात वीज येताच ऑटो स्टार्टरने सगळ्या मोटारी एकदम उठतात. आतली तार तापते, तिच्यावरचा कागद करपतो. फ्यूजला जाड तार बांधली की राखणदारही गेला.

दुसरा शत्रू ओल. ब्रीदरमधले निळे खडे गुलाबी झाले, तर दमट हवा तेलात शिरते आहे असे समजावे. ओले तेल वीज अडवू शकत नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, एका टी.सी.वरच्या सर्वांनी एकत्र बसावे. खरा भार नोंदवावा, मोटारींच्या पाळ्या ठरवाव्यात, कपॅसिटर बसवावेत. पावसाळ्याआधी तेलाची व अर्थिंगची तपासणी लेखी मागावी. टी.सी.ला मात्र स्वतः हात लावू नये, लाईनमनला बोलवावे. पीक पुन्हा घेता येते, घरचा माणूस नाही.