हंगाम, गुडघा आणि आपली सही

पावसाळा लागला की आपल्या दवाखान्यांतली गर्दी बदलते. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक जाहीर होते, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण सुरू होते, आणि गुडघ्याला नी-कॅप किंवा घोट्याला क्रेप बँडेज बांधलेली मुले-मुली पालकांबरोबर, कधी थेट सरांबरोबर येऊन बसतात. कुठे दुखते हे सांगण्याआधीच प्रश्न येतो, "शनिवारी खेळता येईल ना?" सोबत पुष्कळदा एक कागद असतो. त्यावर 'खेळण्यास योग्य' असे लिहून खाली आपली सही हवी असते.

या महिन्याचे संपादकीय त्या सहीबद्दल आहे. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, क्रीडावैद्यकाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, संघाबरोबर फिरणारे ट्रेनर अशा सर्वांना उद्देशून ते लिहिले आहे. आमचे म्हणणे सरळ आहे. वाढत्या वयाच्या खेळाडूने मैदानात कधी उतरायचे हे स्पर्धेच्या तारखेवरून ठरता कामा नये. ते तपासून, मोजून आणि लिहून ठरले पाहिजे. ती जबाबदारी आपली आहे, ती प्रशिक्षकावर किंवा आईवडिलांवर ढकलून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पालकांचा आग्रह समजून घेतला पाहिजे. दहावी-बारावीच्या निकालात वाढीव क्रीडागुण मिळतात, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्नील कुसाळे, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडतो आणि २०२४ मध्ये पॅरिसहून नेमबाजीचे ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन येतो. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीत जगज्जेती होते. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असताना एखाद्या आईला जिल्हा स्पर्धा चुकण्याची धास्ती वाटली तर तिला हट्टी म्हणता येत नाही. तिच्या हातात निर्णयासाठी पुरेशी माहिती नाही, एवढेच. ती देण्यासाठीच आपण शिकलो आहोत.

पहिली माहिती वाढीविषयीची. उंची वाढण्याचा वेग मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. या काळात हाड झपाट्याने लांबते आणि स्नायू मागे राहतात. ग्रोथ प्लेट आणि स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतो ती वाढती जागा हे त्या वयातल्या सांगाड्याचे कच्चे दुवे असतात. मोठ्या माणसाचे लिगामेंट ताणले जाईल अशा धक्क्याने मुलाची ग्रोथ प्लेट सरकू शकते. वाटीखाली नडगीच्या उंचवट्यावर दुखणारा ऑसगुड-श्लाटर, टाचेतला सेव्हर्स, जिम्नॅस्टच्या मनगटाचे दुखणे या सगळ्यांचे मूळ तिथेच आहे. ऑसगुड आणि श्लाटर यांनी आपापली वर्णने १९०३ मध्ये लिहिली. सव्वाशे वर्षे होत आली, तरी 'वाढीचे दुखणे आहे, जाईल आपोआप' या एका वाक्यावर आपल्याकडे मुले परत पाठवली जातात. ते बहुधा जाते, हे खरे. पण मधल्या काळात त्या मुलाने रोज किती उड्या मारायच्या हे कोणीतरी सांगायला हवे.

वयोगट जन्मतारखेवर ठरतात, शरीर मात्र जन्मतारीख पाळत नाही. आठवीतल्या एकाच कबड्डी संघात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून लहान दिसणारा मुलगा शेजारी उभे असतात. दोघांना एकच व्यायाम आणि एकच वजन दिले की एकाला सोसते, दुसऱ्याचे हाड तक्रार करते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. उभ्याची उंची, बसल्याची उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी केस पेपरवर लिहिले तरी वाढीचा झपाटा कधी सुरू झाला ते कळते, आणि त्या महिन्यांत भार कमी करण्याचा सल्ला आधारासह देता येतो.

खेळ हे प्रत्येक दुखण्याचे तयार कारण असते, म्हणून ते फसवेही असते. लंगडत आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्याच्या तपासणीत काही सापडत नसेल, तर खुबा तपासलाच पाहिजे. मांडीच्या हाडाचे डोके ग्रोथ प्लेटवरून घसरले असेल तर ते दुखणे गुडघ्यात जाणवते, आणि गेलेल्या प्रत्येक आठवड्याने खुब्याचे नुकसान वाढू शकते. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, खेळ थांबवूनही न उतरणारी गुडघ्याजवळची सूज यांना 'खो-खोत सूर मारताना लागले असेल' असे म्हणून पंधरा दिवस शेक देऊ नये. हाडाचा कर्करोग याच वयात आणि गुडघ्याच्याच आसपास जास्त आढळतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर मागे वाकताना दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर मणक्याच्या कमानीचा स्ट्रेस फ्रॅक्चर नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असेच धरावे. साधा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो. तिथे एमआरआयचा आग्रह धरावा लागतो.

आता त्या 'शनिवारी'च्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर सर्वांत महाग पडते ते एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर. कबड्डीत चढाई करणारा, फुटबॉलमध्ये झटक्याने वळणारा, बास्केटबॉलमध्ये एका पायावर उतरणारा मुलगा किंवा मुलगी सहा महिन्यांत जॉगिंग करू लागते. सूज नसते, दुखत नसते, घरच्यांना वाटते की पाय बरा झाला. पण बसवलेले लिगामेंट आतून पक्के व्हायला आणि मांडीची ताकद परत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा वळणाच्या खेळांतल्या १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. नऊ महिन्यांपर्यंत खेळणे जितके लांबवले, तितका गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा दर प्रत्येक महिन्यामागे निम्म्याने कमी झाला. परतण्याचे निकष पूर्ण न करता खेळायला गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा इजा झाली. निकष पूर्ण केलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत राहिले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात, पंचविशीच्या आतल्या आणि मैदानात परतलेल्या खेळाडूंपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची एसीएलची इजा नव्याने झाल्याचे दिसले. हाडे अजून वाढत असलेल्या मुलांच्या बाबतीत तर अनेक तज्ज्ञ वर्षभर थांबायला सांगतात.

हे आकडे आपल्या सर्वांच्या वाचनात आहेत. अडते ते पुढे. 'आमच्याकडे आयसोकायनेटिक यंत्र नाही, मग निकष तपासायचे कसे?' असे तालुक्याच्या ठिकाणचे सहकारी विचारतात. यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येते ते दोन्ही पायांचे मोजा. लेग प्रेसवर प्रत्येक पाय स्वतंत्रपणे किती वजन पेलतो ते पाहा. जमिनीवर टेप पसरून एका पायाची लांब उडी आणि सलग तीन उड्या मोजा. इजा झालेला पाय दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचला नसेल तर तो आकडा कागदावर लिहा. 'अजून थोडे थांबू' या वाक्याने पालक समजत नाहीत. 'उजवा पाय १५०, डावा ११०' हे मात्र त्यांना समजते, आणि सरांनाही समजते.

जास्त खेळण्यातून होणाऱ्या इजांत आपले काम वेगळे आहे, ते बेरजेचे. मुंबईच्या मैदानांवर गाइल्स शील्ड आणि हॅरिस शील्डचे दिवस आले की एकच मुलगा सकाळी अकादमीत, दुपारी शाळेकडून आणि रविवारी क्लबकडून गोलंदाजी टाकतो. प्रत्येक प्रशिक्षकाकडे त्याने टाकलेली षटके बेताचीच असतात. तिन्हींची बेरीज कोणाकडेच नसते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला सलग ५ आणि दिवसाला १० षटकांची मर्यादा घालून दिली, ती याच अनुभवातून. आपण निदान रुग्णाला एक वही देऊ शकतो. आठवड्याला किती षटके, किती तास, किती सामने ते त्याने लिहावे आणि आपण ते दर भेटीत पाहावे. वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास दर आठवड्याला एकच संघटित खेळ नको आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून पूर्ण सुट्टी हवी, हा जगभर सांगितला जाणारा ढोबळ नियम पालकांना सहज पटतो.

स्ट्रेस फ्रॅक्चरच्या प्रत्येक रुग्णाला जेवणाबद्दल आणि मुलींना पाळीबद्दल विचारलेच पाहिजे. खर्चाच्या मानाने पोटात कमी जात असेल तर हाडे आधी सोसतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून हे वारंवार बजावले आहे. तालमीत वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणाऱ्या पंधरा वर्षांच्या पैलवानाला आणि तीन महिने पाळी न आलेल्या धावपटू मुलीला केवळ कॅल्शियमच्या गोळ्या देऊन पाठवणे म्हणजे मूळ आजार तसाच सोडणे आहे.

'सामन्यापुरते एक इंजेक्शन द्या' या मागणीला आपले उत्तर ठाम 'नाही' असले पाहिजे. वेदना झाकून वाढत्या सांध्यावर भार टाकणे हे वैद्यकीय कारणाने चूक आहेच. शिवाय २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची सर्व इंजेक्शने, सांध्यात दिलेलीसुद्धा, स्पर्धाकाळात जागतिक प्रतिबंधित यादीत आहेत. आपल्या सुईमुळे एखाद्या मुलावर उत्तेजकाचा डाग लागू नये.

मात्र नुसता नकार देऊन भागत नाही. 'तीन आठवडे पूर्ण आराम' असे लिहून आपण सुटतो आणि मूल अडकते. संघातून बाजूला बसलेला मुलगा पुढच्या वेळी दुखणे लपवायला शिकतो. म्हणून काय बंद आणि काय चालू हे दोन्ही लिहून द्यावे. गुडघा दुखणाऱ्या खो-खोपटूने खांबावरचे सूर बंद ठेवावेत, पण कमरेचा आणि दुसऱ्या पायाचा व्यायाम, पोहणे, संघाच्या बैठका चालू ठेवाव्यात. प्रशिक्षकाला फोन करावा. वस्ताद त्या मुलाला रोज पाहतो, आपण पंधरा दिवसांतून एकदा. त्याला आदराने सोबत घेतले तर तो आपला सर्वांत चांगला सहकारी होतो. इजा टाळण्याचे काम तर त्याच्याशिवाय होणारच नाही. फुटबॉलच्या संघटनेने तयार केलेल्या वीस मिनिटांच्या वॉर्मअपने तरुण खेळाडूंच्या इजा लक्षणीय कमी होतात आणि लहान मुलांसाठीच्या त्याच्या आवृत्तीने तर जवळजवळ निम्म्यावर येतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. त्याला लागते फक्त मैदान आणि रोज ते करून घेणारा माणूस. प्रत्येक दवाखान्याने जवळच्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला ते शिकवले तरी फार मोठे काम होईल.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षे मुलींचे लैंगिक शोषण केले. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने ते उघडकीला आणले. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक महिला व मुलींचे जबाब ऐकल्यावर न्यायालयाने त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. त्या मुली आणि त्यांचे पालक डॉक्टरच्या शब्दाला अंतिम मानत होते, म्हणून तो इतका काळ सुटत राहिला. आपल्या शब्दालाही तेवढेच वजन आहे. म्हणून अल्पवयीन रुग्णाची तपासणी पालक किंवा परिचारिका हजर असतानाच करावी, कुठे आणि का हात लावणार हे आधी मुलाला सांगावे, त्याची संमती विचारावी आणि तशी नोंद करावी. तपासणीनंतर दार उघडे ठेवून मुलाशी दोन शब्द एकट्याने बोलावे. सरांसमोर 'दुखत नाही' म्हणणारे मूल तिथे खरे सांगते. आणि त्या बोलण्यातून कोणाच्या गैरवर्तनाचा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. संघाचे नाव, संस्थेची अब्रू, प्रशिक्षकाची ओळख यांपैकी काहीही त्याआड येऊ शकत नाही.

आमची वाचकांना विनंती आहे. या हंगामात 'खेळण्यास योग्य' एवढ्याच दोन शब्दांवर सही करू नका. त्याच कागदावर काय तपासले, काय मोजले, कोणत्या आकड्याला मूल पोहोचले किंवा पोहोचले नाही, पुढची तपासणी कधी, आणि तोवर काय चालू, काय बंद, एवढे पाच मुद्दे मराठीत लिहा. एक प्रत पालकांना, एक प्रशिक्षकांना द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. असा कागद द्यायला दहा मिनिटे जास्त लागतील. ती त्या मुलाच्या हक्काची आहेत.