परदेशातील आपली लेकरे आणि घरातला इतिहास

जून महिना उजाडला की अलीकडे आपल्या शाळेच्या फाटकाशी एखादी भाड्याची मोटार येऊन थांबते. तिच्यातून उतरणारा गृहस्थ कधीकाळी पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन याच फाटकातून आत आलेला असतो. आता तो अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखाती देशात नोकरीला असतो. सोबत पत्नी आणि मुले असतात. तो मुलांना भोजनगृहातली आपली बसण्याची जागा दाखवतो, वसतिगृहाची खोली दाखवतो, बुद्धमूर्तीसमोर सर्वांना घेऊन वंदना म्हणतो. आम्हां शिक्षकांना त्या वेळी जो आनंद होतो, तो शब्दांत सांगण्यासारखा नाही.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक भेट झाली. कुटुंब गावाकडे जाऊन आले होते. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी मोडक्यातोडक्या मराठीत वडिलांना विचारत होती, “आजोबांचं घर सगळ्या गावाच्या बाहेर का आहे?” आमचा तो हुशार, पदवीधर, परदेशात मोठ्या हुद्द्यावर असलेला विद्यार्थी क्षणभर थांबला. आमच्याकडे पाहिले, नजर खाली वळवली आणि म्हणाला, “बाळा, तिथे जागा स्वस्त होती.”

मुलीचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते उत्तर आमच्या मनात आजवर रुतून बसले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी मोकळेपणाने लिहावे, असे वाटले.

परदेशगमन ही गोष्ट आपल्या समाजाला तशी नवी नाही. पण सहकुटुंब परदेशात राहणे, तिथे मुलांना वाढवणे ही गोष्ट मात्र फार नवी आहे. १९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ते एकटे गेले. पुढे लंडन, १९१७ साली परत, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. तिथून परतायला १९२३ साल उजाडले. या सगळ्या काळात माता रमाईंनी मुंबईत, परळच्या चाळीत संसार ओढला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतरावच वाचले. परदेशी शिकणाऱ्या माणसाच्या कुटुंबाची आपल्याकडची पहिली कहाणी ही अशी आहे. तिच्यात बोटीचे तिकीट एकाचे होते आणि झीज सगळ्या घराची होती.

आजच्या आपल्या तरुणांना त्या मानाने सुखाचे दिवस आहेत. पती-पत्नी दोघेही शिकलेले, दोघेही नोकरी करणारे, मुले जवळ. अर्थात तिथला रोजचा संसार सोपा नाही, हे आम्ही त्यांच्याकडूनच ऐकतो. अंधारात उठायचे, मुलांचे डबे भरायचे, बर्फ असेल तर अंगणातला बर्फ ओढून गाडी काढायची, मुलांना शाळेत सोडायचे, संध्याकाळी पाळणाघर बंद होण्याच्या आत धावत पोहोचायचे. ताप आलेल्या लेकराजवळ बसायला आजी नाही, शेजारची काकी नाही. घरकामाला माणूस ठेवणे परवडत नाही, म्हणून नवऱ्यालाही कणीक मळावी लागते. हे शेवटचे ऐकून आम्हांला समाधानच वाटते. समतेचा जो धडा वर्गात शिकवून उतरला नाही, तो परक्या मुलखातल्या स्वयंपाकघराने उतरवला.

चौदा एप्रिलला सुट्टी नसते, म्हणून जयंती जवळच्या शनिवारी-रविवारी होते. एखादे सभागृह भाड्याने घ्यायचे, प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा, लहान मुलांनी पंचशील म्हणायचे. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या गावी पंजाबातून गेलेल्या आंबेडकरी कुटुंबांनी बुद्धविहारही उभारले आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला. हे सर्व अभिमानास्पद आहे. पण मुले पुतळ्यासमोर वर्षातून एकदाच जातात. आईबापांसमोर ती रोज बसतात. म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती काय बोलले जाते आणि काय टाळले जाते, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अनेक घरांत हा विषय टाळला जातो. जातीचा उल्लेख नाही, बुद्धवाड्याचा उल्लेख नाही, आजोबा कोणाच्या बांधावर राबले याचा उल्लेख नाही. “कोवळ्या मनावर ओझे कशाला?” असे आईबाप म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल आम्हांला शंका नाही. आणि त्यांना दोष देण्याआधी आम्हांला आमचाही दोष कबूल केला पाहिजे. तीस वर्षांपूर्वी शहरात शिकायला निघालेल्या मुलांना आम्ही शिक्षकच बजावत होतो की, आडनाव विचारले तर गावावरून सांगा, खोली मिळेपर्यंत जास्त बोलू नका. त्या काळी पोराला डोक्यावर छप्पर मिळावे एवढीच आमची इच्छा होती. पण लपवण्याचा हा धडा आमच्या तोंडून गेला आणि तो विमानात बसून सातासमुद्रापलीकडे पोहोचला, हे नाकारता येणार नाही.

लपवून काय मिळते, याचे उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्याच्या मातीत लिहिलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पुढच्याच वर्षीची, १९०१ सालची हकिकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्या आत्मकथनात सांगितली आहे. आई वारलेली, वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावले. नवे सदरे, जरीची टोपी, रेशीमकाठी धोतर अशा थाटात भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले रेल्वेने मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांचा शिपाई पत्र द्यायला विसरला होता. न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी जात विचारली, मुलांनी निरागसपणे खरी सांगितली, आणि मास्तरांचा चेहराच पालटला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, पण बैल मुलांनीच हाकायचे, तो शेजारून चालणार. रात्री टोलनाक्यावर तहानलेल्या मुलांनी गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही. डबा जवळ असून मुले उपाशी झोपली.

ही हकिकत आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो. सुट्टीत वडिलांकडे निघालेली, छान कपडे घातलेली, आनंदात असलेली ती मुले आणि जूनमध्ये मोटारीतून उतरणारी आपली नातवंडे यांच्यात आम्हांला मोठे साम्य दिसते. फरक इतकाच की, भिवाला शाळेत वेगळे बसावे लागत असल्याने आपण कोण हे निदान ठाऊक होते. आपल्या नातवंडांना तेही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे एखादा ‘स्टेशनमास्तर’ उभा राहिला, तर त्यांना काय झाले हेसुद्धा कळणार नाही.

त्याच पुस्तकात दुसरा प्रसंग परदेशातून परतल्यानंतरचा आहे. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेब सांगतात. बडोद्याला उतरल्यावर मात्र राहायचे कुठे हा प्रश्न पडला. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या माणसाचीही ही गत. नाव लपवून मिळालेला आसरा किती दिवसांचा असतो, हे यावरून कळते. आणि या पुस्तकाच्या नावातच ‘व्हिसा’ हा शब्द असावा, हा योगायोग परदेशस्थ कुटुंबांनी विसरू नये.

कोणी म्हणेल, तो काळ गेला. अमेरिकेत, कॅनडात कोण जात विचारतो? पण जात ही माणसाच्या सामानात जाते, तिला वेगळा व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. सिॲटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसा राज्यव्यापी कायदा विधिमंडळात मंजूर झाला, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये तो नाकारला. कॅनडातील टोरोंटो शहराच्या शालेय मंडळाने मार्च २०२३ मध्ये शाळांमधल्या जातीय छळाची दखल घेणारा ठराव केला. म्हणजे प्रश्न मुलांच्या वर्गापर्यंत पोहोचला आहे. वाढदिवसाच्या मेजवानीत एखादी भारतीय शेजारीण आडनाव विचारते, मग गाव विचारते, मग ‘तुमच्याकडे कोणता देव?’ असे विचारते. हे प्रश्न आईला कळतात. शेजारी उभ्या असलेल्या लेकराला केवळ आईचा बदललेला चेहरा दिसतो. घरात काही सांगितलेले नसेल, तर ते लेकरू त्या चेहऱ्यावरून एवढेच शिकते की आपल्यात लाज वाटण्यासारखे काहीतरी आहे. आमच्या मते, ओझे मनावर पडते ते असे. खरा इतिहास सांगितल्याने नव्हे.

दुसरा एक पेच आम्हांला पालक वारंवार विचारतात. मराठी भाषेची शाळा महाराष्ट्र मंडळाची, आणि मंडळाचा मोठा उत्सव गणपतीचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने काय करावे? आमचे मत असे की, मुलांना भाषेसाठी अवश्य पाठवावे. उत्सवात आपण पूजा का करत नाही हे मुलांना आधी घरी आणि मग मंडळातील मित्रांना सौजन्याने सांगावे. मराठी ही आपलीही भाषा आहे, ती कोणाच्या देवघराची मालमत्ता नाही. आणि भाषा गेली तर आजी गेली. सांगलीकडची एखादी आजी सहा महिन्यांसाठी लेकाकडे जाते. नातवंडांची इंग्रजी तिला कळत नाही, तिची बोली नातवंडांना कळत नाही. ती खिडकीशी बसून दिवस मोजते. तिच्याजवळ केवढा इतिहास आहे! १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, पाणवठ्यावर लांब उभी राहिली, आणि तरीही मुलाला वसतिगृहात घातले. तो इतिहास कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळणार नाही. रोज रात्री अर्धा तास नातवंडांनी तिच्याजवळ बसावे, तिचे बोलणे ऐकावे, जमल्यास ध्वनिमुद्रित करावे.

मग लेकरांना सांगावे कसे? आम्ही वर्गात जे करतो तेच सुचवतो. केवळ दुःख सांगू नये. दुःखाबरोबर ते कोणी आणि कसे परतवले हे सांगावे. मसूरच्या तहानेची गोष्ट सांगितली की त्याच बैठकीत १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याचीही सांगावी. तहानलेला मुलगा मोठा झाला आणि त्याने हजारोंना तळ्यावर नेले, हे ऐकून कोणतेही लेकरू खचत नाही. उलट ताठ बसते. आठ वर्षांच्या मुलाला गोष्ट पुरते, चौदा वर्षांच्या मुलाला पुस्तक द्यावे. आणि एक पथ्य पाळावे. ज्यांनी अन्याय केला त्यांच्या मुलांचा द्वेष शिकवू नये. शील आणि करुणा यांच्याशिवाय आपला इतिहास अपुरा आहे.

गावाकडे आल्यावर महाबळेश्वरला चार दिवस आणि बुद्धवाड्यात दोन तास, हा हिशेब बदलावा. मुलांना प्रतापसिंह हायस्कूल दाखवावे. पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्टेशनावर पाच मिनिटे उभे करावे. आजोबांच्या घरी रात्री मुक्काम करावा. आणि आपल्या शाळेतही एक दिवस राहावे, मुलांनी इथल्या मुलांबरोबर पंगतीत जेवावे, आपले ताट आपण घासावे. माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली इथली मुलेही आईबापांपासून दूरच वाढतात. दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. पाहुण्यांसमोर, लेकीसमोर त्यांना अवघडवणे बरे वाटले नाही. तेही आमचे गप्प राहणेच होते. आज ते इथे मोडतो आहोत. बाळा, आजोबांचे घर गावाबाहेर आहे, कारण गावाने त्यांना आत येऊ दिले नाही. आणि तुझे बाबा इतक्या दूर पोहोचले, कारण आजोबांनी ते निमूटपणे मान्य केले नाही. हे उत्तर तिला तिच्या वडिलांच्या तोंडून, घरच्या टेबलाशी, मराठीत मिळावे, एवढीच आमची इच्छा आहे.

जय भीम.