तारण आणि कर्जदार

गेल्या महिन्यात एक परिचित कापड व्यापारी घरी आले. तीस वर्षे पेढीवर बैठक, पाच वर्षांची कंबरदुखी. हाती एमआरआयचा अहवाल आणि दोन मणके स्क्रूने सांधण्याच्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक होते. “साहेब, ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याज किती बुडेल?” एवढेच त्यांना विचारायचे होते.

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही केवळ तारण पाहत नसू, कर्जदारही पारखत असू. एमआरआय हे जणू तारण. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची ही तपासणी केली असता निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांतील किमान एक चकती फुगलेली आढळली! चित्रातील प्रत्येक दोष दुखण्याचे मूळ नसतो.

स्वीडनमध्ये किमान दोन वर्षे कंबरदुखी असलेल्या २९४ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ६३ टक्के रुग्णांना बरे वाटले. नेहमीच्या व्यायामोपचाराने केवळ २९ टक्क्यांना. परंतु २००५ साली ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेची तुलना तीन आठवड्यांच्या काटेकोर व्यायाम व समुपदेशनाशी झाली. तेव्हा दोन्ही गट सुधारले आणि शस्त्रक्रिया सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही.

यश रुग्णावरही अवलंबून असते. तंबाखूतील निकोटिनमुळे हाड सांधण्यास अडथळा येतो, अनियंत्रित मधुमेहाने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तर मन खचलेले असेल तर वेदना कमी झाल्याचे समाधान लाभत नाही.

मी त्यांना हळूच विचारले. साखर वाढलेली, तंबाखू चालू, व्यायाम चौथ्या दिवशीच सोडलेला. मग खाली मान घालून म्हणाले, “मुलांनी धंदा वेगळा केल्यापासून झोप नाही.” हे कोणत्याही अहवालात नव्हते.

अस्थिभंग, गाठ, जंतुसंसर्ग किंवा मज्जातंतूवरील तीव्र दाब असल्यास गोष्ट वेगळी. पायातील शक्ती जाऊ लागली किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे.

त्यांना यांपैकी काही नव्हते. दुसऱ्या तज्ज्ञांनीही तसेच सांगितले आणि आधी तीन महिने व्यायाम, साखरेवर नियंत्रण व तंबाखूत्याग सुचवला. पुढे शस्त्रक्रिया लागली तरी ही तयारी वाया जाणार नाही. थोरला मुलगा आता त्यांना रोज सायंकाळी फिरायला नेतो.

ठेव अद्याप मोडलेली नाही.