‘मुलगा नाही म्हणून’ नव्हे

बाबा गेले तेव्हा रायपूरच्या सदर बाजारातली सराफी दुकाने अजून उघडायची होती. तिरडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला थांबवले. “पोरी, तू इथंच थांब. मुलगा आहे ना त्यांना!” धाकटा भाऊ मडके घेऊन पुढे गेला. खारून नदीकाठचा महादेव घाट मला पहिल्यांदा बाबांनीच दाखवला होता, पौर्णिमेच्या पुन्नी मेळ्याला, बोट धरून. त्याच वाटेवर त्यांना पोचवायला जायची मला मनाई झाली.

मनाईची कारणे तीन सांगतात. पहिले शास्त्राचे. ‘पुत्’ नरकातून तारतो तो पुत्र, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय म्हणतो. पण त्याच अध्यायात कन्येला पुत्रासमान म्हटले आहे. ते वारशाच्या, पुत्रहीन पित्याच्या संदर्भात आहे, हे मान्य. कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’तही पुत्राच्या अभावी अंत्यविधीच्या अधिकाऱ्यांच्या क्रमात पत्नी आणि कन्या येतात. म्हणजे शास्त्राने मुलीला मागे बसवले, अपात्र ठरवले नाही. जिच्या हातचा अग्नी भाऊ नसताना चालतो, तिचा हात भाऊ असताना अपवित्र कसा होईल?

दुसरे कारण, बाईचे मन हळवे. बाबांच्या पाठीवरचे व्रण मी महिनोन्‌महिने धुतले, शेवटच्या रात्री त्यांचा श्वास मोजत बसले. तेव्हा माझ्या मनाची काळजी कुणाला वाटली नाही. जनरल बिपिन रावत यांच्या दोन मुलींनी 10 डिसेंबर 2021 रोजी आई आणि वडील, दोघांनाही अग्नी दिला. डोळ्यांत पाणी असले म्हणजे हात ढळतो असे नाही. आणि ढळला तरी काय बिघडले? रडणाऱ्या मुलाला कुणी स्मशानातून परत पाठवत नाही.

तिसरे कारण, लग्न झालेली मुलगी परगोत्री. मग आईवडिलांचे तीन दिवसांचे सूतक तिला कसे लागते? कायद्याने तर ही शंका फेडलीच आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, लग्न झालेले असो वा नसो. हक्काबरोबर दायित्वही मुलाइतकेच. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मसिद्ध असल्याचे पक्के केले. भाऊ आहे म्हणून तो हक्क बुडत नाही.

माझे म्हणणे इथेच सुरू होते, आणि ते आपल्या सुधारकी कौतुकालाही लागू आहे. 4 जून 2014 रोजी परळीत पंकजाताईंनी वडील गोपीनाथ मुंडे यांना अग्नी दिला. 2018 मध्ये अटलबिहारी वाजपेयींना त्यांच्या मानसकन्येने दिला. आपले डोळे भरून आले. पण या घरांत मुलगा नव्हता. ‘मुलाची उणीव भरून काढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा मूळ जागा मुलाचीच, हे आपण मान्य केलेले असते. मुलगी ही बदली कामगार नव्हे. तिची खरी कसोटी भाऊ शेजारी उभा असतानाच लागते.

यात भावाचे काही हिरावले जात नाही. मिळकतीची वाटणी केली की प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो. निरोपाचे तसे नसते. एका मडक्याला दोन खांदे लागले म्हणून बाबा कुणाचे कमी होत नाहीत. पौरोहित्याची अडचणही सांगू नये. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पुरोहित म्हणूनही घडवले आहे. मंत्र सांगायला बाई चालते, तर बापाला निरोप द्यायला लेक का चालू नये?

तिसऱ्या दिवशी आम्ही राजिमला गेलो. महानदीच्या पाण्यात उतरताना भावाने अस्थिकलश एका हाताने धरला आणि दुसरी बाजू माझ्यासाठी मोकळी ठेवली. तो काही बोलला नाही. आम्ही दोघांनी मिळून बाबांना पाण्यात सोडले. माझ्या मुलाला आणि मुलीला मी घरी आल्यावर सांगितले, माझ्या वेळी गल्लीच्या तोंडाशी कुणीही थांबायचे नाही.